ऐलान

मौलालीमामूच्या सायकलीला
पुढं भोंगा, मागं बॅटरी
आणि मधे तो, एका डोळ्यानं अधू.
जिंतुरात कुणी गेलं की निघायचा:
'हज़रात, एक ज़रूरी ऐलान सुनिए'
मग नाव, बापाचं नाव, गल्ली,
नमाज कुठल्या मशिदीत, असरनंतर की मगरिबनंतर.
एवढंच.
रडणं त्याच्या आवाजात कधी नसायचं,
ते ज्याचं त्यानं घालायचं.

मग ग्रुप आला.
मरण खिशात थरथरायला लागलं,
त्याखाली दोनशे जणांचं इन्ना लिल्लाह,
त्यातले दीडशे वरचं उचलून खाली चिकटवणारे.
मामूच्या भोंग्यात चिमणीनं काड्या आणल्या.

नानी गेली त्या दिवशी नेट बंद होतं.
लांबच्या कुठल्या शहरात काहीतरी झालं होतं.
काय, ते आम्हाला कळू नये म्हणूनच बंद होतं.
अब्बा दारात, हातात मोबाईल,
त्यावर ते गोल गोल फिरणारं चाक.
आतून खाला ओरडली,
'अरे मौलाली कू बुलाव ना कोई!'

मामूनं भोंगा उलटा केला, काड्या झटकल्या.
'खैरूनबी मनियार, जौजे शेख बुडन...'

ग्रुपला कुंपण असतं. भोंग्याला नसतं.
आवाज कुंभारवाड्यात शिरला,
जंगम गल्लीत, येलदरी रोडच्या नव्या प्लॉटांत,
जिथं जिथं नानीनं चाळीस वर्षं
बायकांचे पंजे मिटवून, बोटं दाबून,
'जरा सोस गं माय' म्हणत बांगड्या चढवल्या होत्या
तिथून माणसं आली.
सोनाजी कुंभार टोपी सावरत आले.
रखमाबाई उंबऱ्यातच उभ्या,
एका हातात दुसरं मनगट धरून.

बायका कब्रस्तानात जात नाहीत.
मी गच्चीवर गेले.
तौफीक दम्मामला, त्याला नानी जाताना दिसावी म्हणून
सत्तेचाळीस सेकंद धरला मोबाईल.
शेवटी हात हलला,
हुंदकाही आला त्यात.

तिसऱ्या दिवशी नेट आलं.
मी फक्त त्याला पाठवला.
त्यानं फक्त खालाच्या पोराला.
त्यानं फक्त

आठवड्यानं तो परत आला,
आमच्या शाळेच्या ग्रुपवर,
सातवीच्या शिंदे सरांच्या नावानं.
वर लाल अक्षरं:
'मराठवाड्यात हजारो रस्त्यावर! बघा टोप्या! जागे व्हा!'

हजारो.
एकशेचाळीस असतील, सोनाजीकाकांना धरून.
आणि त्यांची टोपी तर गांधी टोपी, धुतलेली, नीळ घातलेली.
जनाजा कापला होता. नानी कुठंच नव्हती.
माझा हुंदका पुसून तिथं ढोल घातले होते.
कोपऱ्यात दोरीवर माझी पिवळी ओढणी
तेवढी होती तशीच राहिली होती.

खाली सोळा अंगठे.
मी लिहिलं, 'ही माझी नानी आहे.'
पुसलं.
'ही' म्हणून दाखवायला ती त्यात नव्हतीच.

मामू बॅटरी चार्ज करायला आमच्याकडंच येतो.
त्याला दाखवलं.
चांगल्या डोळ्याजवळ नेऊन पाहिलं त्यानं.
'वापस नै बुला सकते क्या इसकू?'
नाही मामू. वेळ निघून गेली.

बराच वेळ गप्प बसला.
'एक बार मैं बी चुक्या था.
जिंदे आदमी का नाम ले डाल्या, मतीन घडीवाले का.
फिर क्या, सायकल उल्टी फिराया.
हर गल्ली में बोल्या, हज़रात, वो जिंदा है, माफ करो.'
किती दिवस लागले?
'एकीच दिन. गल्ल्याँ गिनती की थीं ना, बेटी.'

रविवारी मी शिंदे सरांच्या घरी गेले.
वहिनींनी चहा टाकला.
मी मूळ व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण वाढवून.
सत्तेचाळीस सेकंद. हुंदक्यासकट.
सर चष्मा पुसत राहिले.
वहिनी हळूच म्हणाल्या, 'ह्या बांगड्यावाल्या का?'
आणि हातातल्या बांगड्या मागं सारल्या.

एक गल्ली झाली.